दोन महिने बंद राहिलेले तीन प्रिंटर आणि त्यांची तीन जातींची हेड

एका प्रशिक्षण संस्थेचं कार्यालय. मोठ्या सुट्टीत ते जवळपास दोन महिने कुलूपबंद असतं. सुट्टी संपली, नव्या तुकडीचे प्रवेश सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कार्यालयातले तिन्ही इंकजेट प्रिंटर बिघडलेले निघाले. एकातून काळा रंग उमटेचना. दुसऱ्यात पान निम्मं छापून होईपर्यंत लाल रंग उडून जायचा. तिसऱ्यात रेघा सुटत होत्या, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. "तिन्हींची हेड गेली, नवे प्रिंटर घ्या," असा सल्ला संस्थेला आधीच मिळाला होता आणि खरेदीची फाइलही तयार होती. हेड म्हणजे कागदावर शाईचे थेंब फेकणारा प्रिंटरचा भाग. सही होण्याआधी एकदा बघून घ्या, म्हणून मला बोलावणं आलं.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तिन्ही प्रिंटर एकाच खोलीत, एकाच हवेत, तेवढाच काळ पडून होते आणि तिन्हींची हेड वेगळ्या जातीची होती. अशी तुलना ठरवून करायला गेलं तरी सहजी जमत नाही. प्रिंटरच्या माहितीपत्रकात थेंबाचा आकार असतो, डीपीआय (इंचामागे किती ठिपके) असतो, मिनिटाला किती पानं ते असतं. हेड बंद पडलं तर नेमकं काय बिघडतं आणि ते कुणी, कशाने निस्तरायचं, हे त्यात कुठेच नसतं. हेड निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठला प्रिंटर, कुठलं हेड

पहिला प्रिंटर छोटा, पत्रव्यवहारासाठीचा. त्यात दोन कार्ट्रिज, एक काळी आणि एक तीन रंगांची. हेड कार्ट्रिजच्याच तळाला असतं, त्यामुळे शाई संपली की हेडही शाईबरोबर बाहेर जातं. हे थर्मल हेड.

दुसरा टाकीवाला. शाई बाजूच्या टाक्यांत, तिथून नळ्यांनी हेडपर्यंत. हेड इथेही थर्मलच, पण कार्ट्रिजपासून वेगळं. खटका उघडून काढता येतं आणि सुटा भाग म्हणून नवं मिळतं. अर्ज, माहितीपत्रकं, नोटिसा असं भरपूर छपाईचं काम यावर.

तिसरा सहा रंगांचा, पिगमेंट शाईचा. प्रमाणपत्रं आणि फोटो यावर छापतात. याचं हेड पिझो जातीचं, प्रिंटरच्या सांगाड्यात पक्कं बसवलेलं. ते बदलायचं म्हणजे यंत्र उघडावं लागतं, आणि खर्च नव्या प्रिंटरच्या आसपास जातो.

थर्मल आणि पिझो यांतला फरक थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. थर्मल हेडमध्ये प्रत्येक नोझलपाशी, म्हणजे शाई बाहेर पडण्याच्या बारीक भोकापाशी, एक सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. त्याला टेकलेला शाईचा अतिशय पातळ थर एकदम वाफ होतो, बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई नोझलमधून थेंब होऊन बाहेर फेकली जाते. बुडबुडा विरतो, रिकाम्या जागेत मागून शाई येते, की पुन्हा तेच. एका सेकंदात हजारो वेळा. पिझो हेडमध्ये उष्णतेचा संबंधच नाही. विजेचा दाब दिला की काही विशिष्ट पदार्थ किंचित वाकतात किंवा ताणले जातात. अशा पदार्थाची पट्टी शाईच्या कोठडीच्या पडद्यामागे बसवलेली असते. ती हलली की पडदा हलतो आणि कोठडीतली शाई ढकलली जाते, पिचकारीचा दट्ट्या दाबावा तशी. विजेचा इशारा कमीजास्त करून थेंब लहानमोठा करता येतो, आणि शाई तापवायची नसल्यामुळे सॉल्व्हंट, यूव्ही (अतिनील प्रकाशाने सुकणारी) अशा पाण्यापलीकडच्या शायाही चालतात.

दोन्हीकडे नोझलचं तोंड साधारण २० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. थेंब मोजायचा तो पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात. एवढ्या बारीक भोकाच्या तोंडाशी शाई वाळली की काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

थोडा इतिहास, कारण पहिल्या प्रिंटरची रचना अशी का आहे ते त्यातून कळतं. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. थर्मल इंकजेटचं बीज तिथे पडलं. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट आणि सहकारी त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचले आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. त्याच्या हेडला फक्त १२ नोझल्स होती, आणि ते शाईबरोबर टाकून देण्याजोगंच बनवलं होतं. बुडबुडे फुटून फुटून हीटर झिजणार, हे त्या अभियंत्यांना माहीत होतं. हेड अमर करण्याच्या मागे न लागता ते स्वस्त करून शाईसोबत बदलायचं त्यांनी ठरवलं. मला हा निर्णय अभियांत्रिकीतल्या फार शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. पिझोचा रस्ता उलटा होता. पिझो परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवला होता, पण घरगुती आणि कार्यालयीन प्रिंटरमध्ये ही जात खरी रुळली ती एप्सनने १९९३ मध्ये मायक्रो पिझो हेड आणल्यावर. हेड महाग, मग ते यंत्राच्या आयुष्याइतकं टिकलंच पाहिजे, असा तिथला हिशोब.

नोझल चेकची पानं

प्रिंटर उघडण्याआधी मी प्रत्येकाचं नोझल चेक पान लागोपाठ तीनदा काढायला सांगितलं, मध्ये क्लीनिंग न करता, म्हणजे शाई ओढून हेड साफ करण्याची प्रिंटरमधली सोय न वापरता. नोझल चेक म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांसारख्या छोट्या छोट्या रेघांची चौकट. ज्या नोझलमधून शाई येत नाही तिथली रेघ गायब असते. कार्यालयातले कारकून म्हणाले, "सर, क्लीनिंग मारून मारून कंटाळलो, पुन्हा काय चेक काढायचं?" पण क्लीनिंगआधीची पानं म्हणूनच हवी होती. तीन पानं एकाखाली एक ठेवली आणि सुटलेल्या रेघांवर पेन्सिलने खुणा केल्या.

छोट्याच्या तिन्ही पानांवर काळ्याची चौकट पूर्ण कोरी, रंगांमध्ये पिवळा नाही. टाकीवाल्याच्या पानांवर लाल रंगात बऱ्याच रेघा गायब, आणि तिन्ही पानांवर अगदी त्याच जागी. फोटोवाल्याच्या पानांवरही तुटक्या रेघा भरपूर होत्या, पण पहिल्या पानावर जिथे तुटल्या तिथे दुसऱ्या पानावर धड होत्या, आणि भलतीकडेच नव्या तुटल्या होत्या.

या खुणांतच अर्धं निदान झालं. वाळलेली शाई किंवा जळालेला हीटर जागा बदलत नाही. जागा बदलणारी सूट बहुतेक वेळा हवेची असते.

छोटा

यावर फार वेळ घालवावा लागला नाही. काळी कार्ट्रिज काढून नोझलची पट्टी किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर टेकवली. काहीच उमटलं नाही. मग ताटलीत कोमट डिस्टिल्ड पाणी नोझलची पट्टी जेमतेम बुडेल इतकंच घेतलं आणि कार्ट्रिज त्यात थोडा वेळ उभी ठेवली. बाजूच्या तांब्याच्या संपर्कबिंदूंना पाणी लागू द्यायचं नाही, एवढं सांभाळायचं. पाण्यात काळा धागा सुटताना दिसला. पुन्हा फडक्यावर टेकवल्यावर गडद, सलग पट्टा उठला. कार्ट्रिज परत बसवली आणि पत्र स्वच्छ छापून आलं.

रंगीत कार्ट्रिजचं मात्र नशीब वेगळं होतं. फडक्यावर निळ्या आणि लालचे पट्टे आले, पिवळ्याचा नाही. वजनालाही ती हलकी लागली. आतला पिवळ्याचा स्पंज कोरडा पडला होता, आणि कोरडा स्पंज पाण्यात भिजवून काही मिळत नाही. नवी कार्ट्रिज मागवली. नवी कार्ट्रिज म्हणजे नवं हेड, नवी नोझल्स, नवे हीटर. बाकी विचार करायचं कारणच उरलं नाही. दर वेळी हेडचे पैसे मोजावे लागतात, म्हणून या जातीला नावं ठेवली जातात, आणि पानामागचा खर्च पाहिला तर ती रास्तही आहेत. पण महिनोन्महिने पडून राहणाऱ्या प्रिंटरसाठी याच्याइतकी बिनघोर रचना दुसरी नाही.

टाकीवाला

खरी गुंतागुंत इथे होती. सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात लाल शाईची पातळी टाकीवरच्या खालच्या खुणेखाली गेली होती, तरी छपाई चालूच राहिली. मग टाकी भरली, पण तोवर नळीत हवा शिरली होती. नळी पारदर्शक असल्यामुळे टॉर्च धरून पाहिलं तर लाल शाईच्या मधोमध बोटभर लांबीचा रिकामा तुकडा स्पष्ट दिसत होता. आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

हेडमध्ये उरलेल्या थोड्या शाईवर सुरुवातीचं चेक पान ठीक आलं होतं. म्हणून "हेड चांगलं आहे" समजून नव्या तुकडीचं माहितीपत्रक छापायला घेतलं. माहितीपत्रकाची पार्श्वभूमी नेमकी लाल. निम्म्या पानापर्यंत हेडमधली शाई संपली, मागून हवा आली, आणि रंग उडाला. प्रिंटरला याचा पत्ता नसतो. तो हीटरला इशारे देतच राहतो. थर्मल हेडमध्ये शाई ही फक्त छापायचा माल नसते, हीटर थंड ठेवण्याचं कामही तीच करते. तिथे शाई नसेल तर हीटर कोरडाच तापतो. रंग फिका येतो म्हणून पुन्हा छापा, पुन्हा फिका, पुन्हा छापा, असं बराच वेळ चाललं होतं. त्यात लालच्या नोझल्सपैकी पुष्कळ हीटर कायमचे जळाले. तिन्ही पानांवर त्याच जागी रेघा गायब, त्याचं कारण हे.

अशा वेळी वाळलेली शाई आणि जळालेला हीटर यांत फरक करायला हवा, कारण चेक पानावर दोन्ही सारखेच दिसतात. हेड काढून नोझलची पट्टी ओल्या फडक्यावर टेकवली. लालचा पट्टा पूर्ण, अखंड उठला. म्हणजे नोझलची तोंडं मोकळी, शाई तोंडापर्यंत येते आहे, फक्त तिला ढकलणारं कुणी उरलेलं नाही. अशा हेडला कितीही क्लीनिंग केलं तरी शाई वाया जाण्यापलीकडे काही होत नाही.

नवं हेड मागवायचं ठरलं, आणि इथे एका गोष्टीवर मी अडून बसलो. नवं हेड आलं की लगेच बसवायचं नाही. आधी नळीतली हवा काढायची. प्रिंटरच्या मेनूमध्ये नळ्यांतून शाई जोराने ओढून घेण्याची वेगळी सोय होती, नेहमीच्या क्लीनिंगपेक्षा बरीच जास्त शाई खाणारी. जुनं, जळकं हेड जागेवर ठेवूनच ती वापरली. हवेचा तुकडा नळीतून सरकत सरकत बाहेर गेला आणि पूर्ण नळी लाल झाली. मग नवं हेड. हा क्रम उलटा केला असता तर नवं हेडही पहिल्याच माहितीपत्रकाला त्याच वाटेने गेलं असतं, आणि "या कंपनीची हेड टिकतच नाहीत" असा निष्कर्ष निघाला असता.

कपाटात "सर्व इंकजेटसाठी" असं लिहिलेली एक शाईची बाटलीही सापडली. सुदैवाने ती अजून उघडलेली नव्हती. थर्मल हेडची शाई तेवढी उष्णता सोसेल अशी बनवलेली असते. न सोसणारी शाई भरली तर तिच्यातले घटक हीटरवर जळून थर धरतात. याला कोगेशन म्हणतात. थर बसला की हीटरची उष्णता शाईपर्यंत नीट पोचत नाही, थेंब अशक्त होतात, तिरके जातात, छपाई हळूहळू फिकी पडते. पिझो हेडमध्ये हा त्रास नाही, पण तिथे शाईचा पातळपणा आणि पृष्ठताण जुळला नाही तर थेंबच नीट तुटत नाहीत. सर्वांना चालणारी शाई ही कल्पनाच मला पटत नाही. ती बाटली परत पाठवायला सांगितली.

फोटोवाला

"हा गेलाच," असं सगळ्यांचं याच्याबद्दल मत होतं, आणि घबराटही याचीच जास्त, कारण याचं हेड सुटं मिळणारं नाही.

प्रिंटर सुट्टीआधी कसा बंद केला, असं विचारल्यावर धागा सापडला. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांची छपाई चालू असतानाच खोलीचा मेन स्विच पाडला गेला होता. सुट्टीनंतर उघडलं तेव्हा कागद अर्धा आतच अडकलेला होता. म्हणजे हेड मधेच थांबलं. पॉवरच्या बटणाने बंद केलं की प्रिंटर आधी हेड उजवीकडे नेतो, रबरी कॅपवर टेकवतो आणि मगच दिवा विझतो. कॅप म्हणजे नोझल्सवरचं झाकण. इथे दोन महिने पिगमेंट शाईचं हेड उघड्या हवेत होतं. पिगमेंट शाईतले रंगकण पाण्यात विरघळलेले नसतात, तरंगत असतात. बरोबर बहुधा रेझिन, म्हणजे कण कागदाला चिकटवणारा राळेसारखा पदार्थ असतो. ती एकदा घट्ट वाळली की पाण्याने सहज सुटत नाही.

तेव्हा तिन्हींची तुलना करताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे: छोटा आणि टाकीवाला कॅपवर झाकलेले होते, हा उघडा होता. याची अवस्था पिझो जातीवर ढकलणं अन्याय होईल.

पण मग सुटलेल्या रेघा जागा का बदलत होत्या? वाळलेल्या शाईने त्या त्याच जागी राहायला हव्या होत्या. उत्तर कॅपमध्ये होतं. हेड बाजूला सरकवून कॅपमध्ये डोकावलं, तर रबरी ओठावर वाळलेल्या शाईची खरखरीत कड बसली होती, आणि आतला स्पंज चामड्यासारखा घट्ट झाला होता. कॅपमध्ये क्लीनिंग फ्लुइडचे चार थेंब टाकून पंप चालवला. थेंब तसेच उभे. क्लीनिंगच्या वेळी पंप कॅपमधून नोझल्सची शाई खाली ओढतो. त्यासाठी कॅपचा ओठ हेडला घट्ट चिकटावा लागतो. इथे तो चिकटत नव्हता आणि खालची वाटही तुंबली होती. म्हणजे सगळी क्लीनिंग वाया गेली, वर अर्धवट ओढीत हेडच्या कोठड्यांमध्ये हवा शिरली. पिझो हेडला हवेचं वावडं आहे. पट्टी वाकते, पण तिचा दाब बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि थेंब बाहेर पडत नाही. बुडबुडा सरकला की सुटलेली रेघ दुसरीकडे जाते.

क्लीनिंग पूर्ण थांबवलं. कॅपचा ओठ फ्लुइडने भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसला, जोपर्यंत बोटाला रबर गुळगुळीत लागत नाही तोपर्यंत. स्पंजवर थेंब थेंब फ्लुइड टाकत राहिलो. बऱ्याच वेळाने एक थेंब झपकन खाली गेला, मागोमाग बाकीचे. वाट मोकळी झाली. हेड पुसणारी वायपरची पट्टीही पुसली, नाहीतर तीच घाण पुन्हा हेडवर फिरवते. मग कॅप फ्लुइडने काठोकाठ भरली, हेड तिच्यावर टेकवून ठेवलं आणि प्रिंटर रात्रभर तसाच सोडला.

सकाळी एकदाच क्लीनिंग केलं. चेक पानावर पाच रंग पूर्ण. फिकट निळ्यात थोड्या रेघा सुटलेल्या, पण आता त्या एकाच जागी. म्हणजे हवा गेली होती, उरली होती ती खरीखुरी वाळलेली शाई. आणखी एक रात्र भिजवल्यावर त्यांतल्या एकीखेरीज सगळ्या परत आल्या.

इथे पिझोचा मोठेपणा मान्य करावा लागतो. एवढा काळ उघडं राहून, हवा शिरून, कोरडंच चालवूनही या हेडचं आतलं काहीच बिघडलं नव्हतं. ज्या पट्ट्या काम करतात त्या शाईच्या वाटेत नसतातच, आणि जळायला तिथे काही नाही. शाई न मिळता टाकीवाल्याचं हेड काही पानांत गेलं. याचं दोन महिन्यांनी परत आलं. पण शाई आतपर्यंत घट्ट झाली असती तर संस्थेला अख्खा प्रिंटर बदलावा लागला असता, आणि टाकीवाल्यात तीच गोष्ट एका सुट्या भागावर भागली. हेड किती टिकाऊ आहे आणि ते गेल्यावर नुकसान केवढं, या दोन गोष्टी एकत्रच मोजाव्या लागतात.

काय ठरलं

खरेदीची फाइल मागे घेतली गेली. तिच्या जागी तीन ओळींची मागणी गेली: छोट्याची रंगीत कार्ट्रिज, टाकीवाल्याचं रंगीत हेड आणि फोटोवाल्याचा वेस्ट इंकचा डबा. फुकट गेलेल्या क्लीनिंगची शाई त्या डब्यातच साठली होती आणि तो भरत आल्याची सूचना येऊ लागली होती.

कामाची वाटणी थोडी बदलली. अधूनमधून लागणारं एखाद-दुसरं रंगीत पान आता छोट्यावर जातं. टाकीवाल्याच्या टाक्यांवर खालच्या खुणेपाशी लाल टेप लावली आहे आणि छपाई फिकी दिसली की आधी थांबायचं, नळीत टॉर्च मारायचा, मगच पुढचं बटण दाबायचं, असं तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना प्रत्यक्ष दाखवलं. मेन स्विचजवळ कागद चिकटवला आहे: फोटो प्रिंटरचा दिवा विझल्याशिवाय हात लावू नये. सुट्टीतही आठवड्यातून एकदा टपाल बघायला कार्यालयातलं कुणीतरी येतं. त्याने टाकीवाल्यावर आणि फोटोवाल्यावर एकेक चेक पान काढायचं आणि तारीख टाकून फाइलला लावायचं.

फोटोवाल्यातलं फिकट निळ्याचं ते एक नोझल अजून बंद आहे. मी त्याच्या मागे लागलो नाही. प्रमाणपत्रं उच्च दर्जाच्या मोडवर छापली जातात, तिथे हेड प्रत्येक पट्ट्यावरून अनेकदा जातं आणि एकाच रेघेवर वेगवेगळ्या नोझल्सचे थेंब पडतात, त्यामुळे एक नोझल नसल्याचं कागदावर कळत नाही. एका नोझलसाठी पुन्हा क्लीनिंगचा मारा केला तर चालू नोझल्सची शाई जाणार आणि डबा भरणार. चेक पानांवर त्या रेघेभोवती पेन्सिलने वर्तुळ करून ठेवलं आहे. तिच्या शेजारची रेघ सुटली तर कॅप पुन्हा भरून हेड रात्रभर भिजत ठेवायचं.